झाडाचा काढ, माझा नको

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



आमच्या घरात एक जुना फोटो आहे. काळापांढरा, चौकोनी, चारी बाजूंना पांढरी किनार असलेला. त्यात चिंचेचं एक मोठं झाड आहे, झाडाखाली सोडून ठेवलेली बैलगाडी आहे आणि मागे नांदेडकडे जाणारा रस्ता. माणूस एकही नाही. फोटोच्या पाठीवर चाचांच्या अक्षरात लिहिलं आहे : अर्धापूर, १९८०.

खरं म्हणजे तो फोटो माझ्या दादीचा निघायचा होता. चाचांनी कुणाकडून तरी आग्फा क्लिक थ्री कॅमेरा घेतला होता. त्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघत. अकरा फोटो आम्हा पोरांवर आणि एका लग्नावर संपले. बारावा चाचांनी दादीसाठी राखून ठेवला होता. दादी चिंचेखाली बसली होती. चाचांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि दादी उठली. म्हणाली, ‘‘मेरा नक्को निकाल बेटा, झाड का निकाल.’’ सजिवाची तसबीर काढू नये, झाडाडोंगराची काढायला हरकत नाही, ही जुन्या माणसांची समजूत. दादी चार पावलं बाजूला झाली आणि चाचांनी झाडाचा फोटो काढला.

पुढे चार वर्षांनी दादी गेली. हजला जायचं तिचं राहून गेलं. गेली असती तर पासपोर्टसाठी तरी एक फोटो निघाला असता. आता तिचा एकही फोटो नाही. चिंचही राहिली नाही. रस्ता चौपदरी झाला, त्यात ती गेली. उरला तो हा फोटो.

हे सगळं आठवायला एक प्रवास कारणीभूत झाला. मागच्या श्रावणात माझा भाचा पुण्याहून आला. त्याला फोटोंचा नाद. म्हणाला, ‘‘मामू, चला, सहस्रकुंडला जाऊ. तिथून पुढं किनवट, माहूर. रस्ताभर फोटो काढू.’’ मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. कॅमेऱ्यातलं मला काही कळत नाही. पण गाडीत बसून पावसाळ्यातलं रान बघायला कोण नाही म्हणेल?

अर्धापूर सोडलं की बराच वेळ आमची ओळखीची जमीन सोबत करते. इसापूर धरणाच्या कालव्यावर पोसलेल्या केळीच्या बागा, हळदीची रुंद पानं, मधूनच नागवेलीचे पानमळे. तामसा मागं पडतं, हिमायतनगर येतं आणि हळूहळू जमीन बदलू लागते. शेतांच्या मधे टेकड्या घुसतात. टेकड्यांवर साग दिसू लागतो. इस्लापूरच्या पुढं तर आपण मराठवाड्यात आहोत हे कुणाला सांगून पटू नये, असा हिरवा अंधार रस्त्यावर उतरतो. तिथं पैनगंगा काळ्या खडकांतून फुटते आणि खाली कोसळते. तेच सहस्रकुंड. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. पूर्वी हीच नदी निजामाचा मुलूख आणि १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात गेलेला वऱ्हाड यांची हद्द होती.

भाच्यानं तिपाई मांडली. समोर पाणी, वर ढग, बाजूला खडक. सगळं जुळून आलं होतं. एवढ्यात डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक बाई खडकावरून चालत आली. भाचा हात हलवून ओरडला, ‘‘मावशी, थोडं बाजूला व्हा ना, फोटोत येताय!’’ बाई थबकली, ओशाळून हसली आणि बाजूला झाली. भाच्यानं फोटो काढला. फोटो देखणा आला, यात वाद नाही.

पण माझ्या मनात चिंचेचं झाड उभं राहिलं. दादीही फोटोतून बाजूला झाली होती, पण ती आपल्या मर्जीनं. या बाईला बाजूला केलं गेलं. दोन्ही फोटोंत माणूस नाही, तरी दोन्ही गोष्टी एक नाहीत. मग वाटलं, आपल्या मुलखाचे डोंगर, दऱ्या, लेणी, किल्ले यांचे फोटो गेली पावणेदोनशे वर्षं निघत आले. त्या फोटोंत कोणाला उभं केलं गेलं आणि कोणाला बाजूला केलं गेलं? आज तुमच्याशी बोलायचं आहे ते याविषयी.

माझ्या भाच्यानं त्या एका दिवसात चारशेच्या वर फोटो काढले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एकेका फोटोसाठी काय करावं लागे, ते ऐकण्यासारखं आहे. तेव्हा फिल्म नव्हती, काच होती. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रव्य ओतायचं, ती काच अंधारात चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. घेतला की लगेच पुन्हा अंधारात जाऊन ती धुवायची. काच वाळली की सगळं फुकट. म्हणजे फोटो काढणाऱ्यानं आपली अंधारी खोली, तंबूच्या रूपात, बरोबर घेऊन हिंडायचं. बरोबर रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि धुण्यासाठी स्वच्छ पाणी. आपल्याकडच्या उन्हात कलोडियन भराभर उडून जाई. सॅम्युअल बोर्न नावाचा इंग्रज छायाचित्रकार १८६६ साली हिमालयात मणिरंग खिंडीपर्यंत, म्हणजे साडेअठरा हजार फुटांवर, हा सगळा पसारा घेऊन चढला होता. चढला तो, पण काचा वाहिल्या हमालांनी. बोर्नचं नाव इतिहासात आहे. हमालांची नावं तुम्हाआम्हाला कुठून ठाऊक असणार?

आपल्या मराठवाड्याकडे वळू. अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली, हे शाळेत आपण वाचलेलं असतं. तो शिकारीला आला होता. पुढे १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं मद्रासच्या फौजेतला कॅप्टन रॉबर्ट गिल याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. गाव निजामाच्या राज्यातलं. गिल अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला आणि वाघूर नदीच्या त्या दरीत वर्षानुवर्षं काम करत राहिला. मोठमोठ्या कॅनव्हासांवर त्यानं तैलरंगांत नकला केल्या आणि त्या लंडनला गेल्या. १८६६ च्या डिसेंबरात तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि मोजकी चित्रं सोडली तर सगळी जळाली. माणसाच्या आयुष्याची उमेदीची वर्षं एका रात्रीत राख झाली.

त्याच्या नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच लंडनमध्येच १८८५ साली आगीत गेल्या. अजिंठ्याच्या चित्रांच्या नशिबी परदेशात दोनदा आग होती.

पण गिलचं एक काम वाचलं. १८५६ च्या सुमारास त्यानं कॅमेरा हाती घेतला होता. एकाच दृश्याचे दोन शेजारी शेजारी फोटो काढायचे, ते दोन भिंगांच्या चौकटीतून पाहायचे, म्हणजे दृश्य खोल, जिवंत दिसतं. असे फोटो त्यानं लेण्यांचे काढले, देवळांचे, दऱ्यांचे आणि शिकारीचेही काढले. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन या विद्वानाच्या मजकुरासह त्यांची पुस्तकं लंडनला निघाली. रंगवलेलं जळालं, पण छापलेल्या फोटोंच्या प्रती अनेक असल्यानं ते टिकले.

त्या काळच्या फोटोंत एक रीत दिसते. खांबाशी टेकलेला किंवा पायरीवर बसलेला एखादा माणूस असतो. तो कशाला? खांब किती उंच आहे ते कळावं म्हणून. म्हणजे गावच्या माणसाचा उपयोग मोजपट्टीसारखा. कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी भाऊ तिथं कॅमेऱ्याचं काम होईपर्यंत श्वास रोखून बसलेला असतो. खांबाचा क्रमांक पुस्तकात असतो, त्याचं नाव नसतं.

गिलबरोबर अजिंठ्याला पारो होती. २३ मे १८५६ रोजी ती वारली. गिलनं तिची कबर बांधली, तीवर आपल्या प्रिय पारोच्या स्मरणार्थ असं कोरून तारीख घातली. ती कबर अजिंठा गावात आहे. ज्या सुमारास कॅमेरा त्याच्या हाती आला, त्याच वर्षी पारो गेली. लेण्यांना पुस्तकं मिळाली, पारोला एक दगड मिळाला. तिला माणूस म्हणून पुन्हा उभं केलं ते आपल्या मराठवाड्याच्याच कवीनं. ना. धों. महानोरांचं घर पळसखेडचं, अजिंठ्याच्या डोंगराजवळचं. १९८४ मध्ये त्यांची ‘अजिंठा’ ही दीर्घकविता आली. २०१२ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. जे कॅमेऱ्यानं टिपलं नाही ते कवितेनं टिपलं, असं म्हणताना कवी म्हणून मला थोडा अभिमान वाटतो, तो तुम्ही माफ करा. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. दोघांच्या मध्ये आजही अजिंठ्याचा घाट आहे.

दुसरं नाव लाला दीनदयाळ यांचं. १८४४ साली मेरठजवळच्या सरधन्याला एका जैन घरात ते जन्मले. रुडकीच्या कॉलेजात शिकले, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८७४ च्या सुमारास फोटो काढायला शिकले. लेपेल ग्रिफिन या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर बुंदेलखंडाचा दौरा केला, किल्ले आणि देवळं टिपली. पुढे ते हैदराबादला सहाव्या निजामाच्या, महबूब अली खान यांच्या पदरी आले. त्यांच्या फोटोंमुळे वेरूळ, दौलताबाद, खुलताबाद ही आपली ठिकाणं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कशी होती ते आज पाहता येतं. तेव्हा नांदेडला रेल्वे नव्हती. मनमाड ते हैदराबाद ही गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज लाइन १९०० च्या आसपास सुरू झाली. वेरूळला जाणारा माणूस मुंबईच्या गाडीनं नांदगावला उतरायचा आणि पुढे टांग्यानं किंवा बैलगाडीनं. मोठा कॅमेरा, काचांच्या पेट्या आणि असा रस्ता!

१८९४ मध्ये निजामानं त्यांना ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे तसबीर काढणारा, रूप देणारा. आमच्याकडे अल्लाची नव्व्याण्णव नावं आहेत, त्यांतलं एक अल-मुसव्विर. तसबिरीला बिचकणाऱ्या माझ्या दादीला मी हे सांगितलं असतं, की एका मुसलमान राजानं एका जैन माणसाच्या कलेला हा शब्द दिला होता, तर ती काय म्हणाली असती, कुणास ठाऊक. बहुधा म्हणाली असती, ‘‘दिया होगा. मेरा नक्को निकाल.’’

दीनदयाळांच्या कामात राजवाडे आहेत, शिकारी आहेत, लाटसाहेबांच्या मेजवान्या आहेत. पण १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळाच्या काळातल्या, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या दुष्काळी कामांच्या तसबिरीही आहेत. उजाड माळ, खोदकाम, ओळीनं बसलेली माणसं. सरकार रयतेसाठी काय करतं आहे ते दिसावं, हा त्यामागचा हेतू. म्हणून माणसं रांगेत, नीट बसवलेली. पण कॅमेऱ्याची एक गंमत आहे. काढवून घेणाऱ्याला जे दाखवायचं असतं, तेवढंच तो टिपत नाही. रांग सरकारनं लावली. बरगड्या आणि डोळे दुष्काळानं दाखवले. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढीचे राजवाड्याबाहेरचे चेहरे पाहायचे तर अशा तसबिरींकडेच जावं लागतं. नावं तिथंही नाहीत. रांगेला नाव नसतं.

दीनदयाळ १९०५ मध्ये वारले. त्यांच्या अठ्ठावीसशेहून अधिक काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत. २००६ मध्ये टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

सहस्रकुंडाहून किनवटकडे जाताना मला तिसरा माणूस आठवला. किनवट, इस्लापूर हा भाग १९५६ पर्यंत नांदेडचा नव्हता, हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातला होता. गोंड, कोलाम, आंध, बंजारा यांचं हे रान. सरकारनं जंगलं राखीव केली, गोंडांच्या कसत्या जमिनी त्यात गेल्या. त्यातून कोमरम भीमचा उठाव झाला आणि १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात भीम मारला गेला. जोडेघाट आज तेलंगणात, त्याच्याच नावाच्या जिल्ह्यात आहे.

त्यानंतर या रानात एक परदेशी माणूस आला. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ. ऑस्ट्रियाचा मानववंशशास्त्रज्ञ. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्याच्याजवळ जर्मन पासपोर्ट होता, म्हणून इंग्रजांनी त्याला शत्रूचा नागरिक ठरवून हैदराबाद राज्याच्या हद्दीत राहायला लावलं. त्यानं त्या सक्तीचं सोनं केलं. १९४१ पासून तो आणि त्याची पत्नी बेटी मारलवाई या गोंडांच्या गावी राहू लागले. तो त्यांची भाषा शिकला, वहीत लिहीत राहिला आणि फोटो काढत राहिला. त्याच्या फोटोंत डोंगर आहेत, साग आहे, पाऊसही आहे. पण त्या डोंगरात राहणारी माणसंही आहेत. सणाला नाचणारी, नांगर धरलेली, घर शाकारणारी. तिथं माणूस खांबाची उंची सांगायला उभा नाही. डोंगर त्याचा आहे, हे सांगायला तो उभा आहे.

ही माणसं इथं पिढ्यान्पिढ्या राहतात, त्यांना जमिनीचे पट्टे द्या, असा आग्रह त्यानं निजाम सरकारकडे धरला. गोंड मुलांना गोंडीतून शिकवणारे शिक्षक तयार करायचं केंद्रही मारलवाईला निघालं. पुढे १९७० च्या दशकात तो याच रानात परत आला. पाहतो तो बरंच जंगल तुटलेलं आणि गोंडांच्या हातच्या जमिनी गेलेल्या. १९८२ च्या पुस्तकात त्यानं ते सगळं लिहून ठेवलं. १९४० च्या दशकातले फोटो जवळ नसते, तर आधी काय होतं हे कोण सांगणार होतं? १९९५ मध्ये तो लंडनला वारला. त्याचे फोटो तिथल्या विद्यापीठात आहेत. आपल्या किनवटच्या शेजारचं रान बघायला आपल्याला लंडनकडे बघावं लागतं.

श्रोतेहो, एवढा इतिहास मी भाच्याला एकाच वेळी सांगितला नाही. पोरगं कंटाळलं असतं. पण धबधब्याहून परतताना चहाच्या टपरीवर आम्ही थांबलो, तर ती मोळीवाली बाई तिथंच सावलीला बसलेली. मी म्हटलं, ‘‘माय, मघाशी तुम्हाला बाजूला केलं, वाईट वाटून घेऊ नका.’’ ती म्हणाली, ‘‘त्यात काय वाईट? समदेच म्हणत्यात, सरका म्हणून.’’ भाचा खाली बघू लागला. मग त्यानं विचारलं, ‘‘मावशी, आता तुमचा काढू का? चालेल ना?’’ ती उठली, पदर सारखा केला आणि आम्हाला पुन्हा खडकाकडे घेऊन गेली. एका काळ्या दगडावर हात ठेवून म्हणाली, ‘‘हितं उभी ऱ्हाते. ह्यो दगड बुडाला की आम्ही समजतो, आता पल्याड जायचं न्हाई. माझ्या बापानं दाखवलेली खूण हाय.’’

मघाचा फोटो नुसत्या पाण्याचा होता. या फोटोत पाणी कुठवर चढतं ते आलं, ते ओळखणारी आली आणि तिच्या बापाची खूणही आली. भाच्यानं तिचं नाव, गाव, तारीख लिहून घेतली. नाव मी इथं सांगत नाही, कारण फोटोची परवानगी तिनं दिली, आकाशवाणीवरच्या जाहिरातीची नव्हे. पण फोटोसोबत ते नोंदवलेलं आहे आणि छापलेली एक प्रत त्या टपरीच्या पत्त्यावर गेली आहे.

माहूरला आम्ही संध्याकाळी पोचलो. वर रेणुकामातेचं मंदिर, तिकडे सोनापीर बाबांचा दर्गा, खाली ढगांत बुडालेलं रान. भाच्याचा कॅमेरा चालूच होता. पण आता तो मधेच थांबून वाटेत भेटणाऱ्याला विचारत होता, ‘‘या दरीला तुम्ही काय म्हणता?’’ रानाला नकाशावर नसलेली किती नावं असतात, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. गिलला, दीनदयाळांना जे बैलगाडीभर सामान लागलं, ते आपल्या तळहातावर मावतं. आपण लांब जातो, धबधब्याचे फोटो काढतो, तेही काढावेत. पण आपल्या गावच्या वेशीचा, आडाचा, पाराचा, रस्त्याकडेच्या जुन्या झाडाचा फोटो आपल्याजवळ आहे का? रस्ते रुंद व्हायला हवेत, त्यावरून दवाखान्याची गाडीही वेळेत पोचते. पण झाड तोडायच्या आधी त्याचा एक फोटो काढायला किती वेळ लागतो? आणि काढलात तर त्यावर तारीख, जागा आणि सोबतच्या माणसाचं नाव लिहा. मात्र त्याला आधी विचारा. तो नको म्हणाला तर झाडाचा काढा.

घरी आल्यावर मी चिंचेचा तो फोटो पेटीतून काढला. चाचांच्या अक्षराखाली मी माझ्या पेननं एक ओळ वाढवली : ‘दादी झाडाच्या डाव्या बाजूला उभी होती. तिला फोटोत यायचं नव्हतं.’